फोटो काढणारा माणूस

बाबांच्या खालच्या ओठावर पहिला पांढरा ठिपका आला तेव्हा मी दुसरीत होते. तांदळाच्या कणीएवढा असेल. आईला वाटलं, चहाने भाजलं, म्हणून तिने त्यावर तूप लावलं. आठवड्याने तो ठिपका तिथेच होता आणि शेजारी आणखी एक आला होता. मग बोटांच्या पेरांवर, मग मनगटावर, मग एका पापणीवर. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे कोड आहे, कुणाला लागत नाही, दुखत नाही, आणि जाईलच असंही नाही. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आले. आई मात्र ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावातून एका वैदूने दिलेली बावचीची पूड आली. ती तेलात कालवून डागांना लावायची आणि उन्हात बसायचं. शिवाय आंबट बंद. त्या दिवसापासून आमच्या घरातून कढी गेली, चिंच गेली, अंबाडीची भाजी गेली. "त्याइच्यासाठी येगळं कावून रांधू? सगळ्याइचंच बंद," आई म्हणाली. रविवारी तांदळाचे पातळ, जाळीदार आयते व्हायचे, त्यांच्यासोबतची टमाट्याची चटणीही गेली आणि तिच्या जागी गूळ आला. एवढं करून डाग हटले नाहीत. उलट बाबांनीच एक दिवस आपलं ताट आणि गिलास वेगळा केला. कुणीही सांगितलं नव्हतं. जेवण झालं की ते आपली भांडी आपण घासत आणि मागच्या खिडकीत उपडी घालत. आई कधीकधी आमच्यासमोर मुद्दाम त्याच गिलासातून पाणी प्यायची आणि पिता पिता ताईकडे आणि माझ्याकडे बघायची.

आमचं क्वार्टर भिलाईला, सेक्टर दोनमध्ये होतं. दोन खोल्या, पुढे जाळीचा व्हरांडा, मागे अंगण आणि अंगणात एक पपईचं झाड. सगळ्या घरावर लालसर धूळ बसायची. आई सकाळी पुसायची, दुपारी खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की पुन्हा लाल. पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, भोंग्यावर सगळं चालायचं. भोंगा झाला की गल्लीभर सायकली निघत, त्यांच्या घंट्या, कडीच्या डब्यांचा खणखणाट, आणि दूरवर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज, एकामागून एक, लांब जाणारा. बाबा मिलमध्ये फिटर होते. भट्टीतून आलेलं लोखंड जिथे लाटलं जातं तिथे, मे महिन्यात, ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जात आणि मनगटाशी बटणं लावत. घरी बोलके होते, गावच्या बोलीत गोष्टी रंगवून सांगत. बाहेर मात्र तोंडासमोर रुमाल धरून बोलायची त्यांना सवय लागली होती. लोकांना वाटायचं, यांना धुळीचा त्रास आहे.

माझ्या चौथीच्या सुमारास त्यांनी कॅमेरा घेतला. मिलमधला एक केरळचा माणूस नोकरी सोडून गावी परत चालला होता, त्याच्याकडून. काळा, डब्यासारखा, चामड्याच्या म्यानात. त्यात बारा फोटोंचा रोल बसायचा. आम्ही दर वर्षी कुठेतरी जायचो, कारण प्लांटकडून प्रवासाची सवलत मिळायची आणि सवलत वाया घालवणं बाबांना पटत नसे. पुरी, जबलपूर, अमरकंटक, रामटेक. प्रत्येक प्रवासाचे फोटो बारा, ना एक कमी ना एक जास्त. बाबा आम्हाला उभं करायचे, मागे मागे जायचे, कधी दगडावर चढायचे, एकदा तर पुरीला कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. अल्बमची पानं काळी होती. त्यावर ते पांढऱ्या पेन्सिलीने सुरेख अक्षरात लिहायचे: पुरी, सकाळ. अमरकंटक, कुंडाजवळ. फोटोत आई, ताई आणि मी. आई, ताई आणि मी. पानं उलटत जा, आम्ही दोघी उंच होत जातो, आईच्या साड्या बदलतात, आणि बाबा कुठेच नाहीत. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. बसमध्ये ड्रायव्हर पुढे बसतो आणि आपण मागे, तसं फोटोत असावं असं मी धरून चालले होते.

आता मी दुर्गला मोहन नगरात एकटी राहते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कधी कामासाठी भिलाईच्या सिविक सेंटरला गेले की मुलंमुली हात लांब करून स्वतःचाच फोटो काढताना दिसतात, काढणाराही त्यात असतो, अर्धा कान कापलेला का होईना. मला ते बघायला आवडतं. कुणी कुटुंबाने "आंटी, एक फोटो खींच देंगी?" म्हणून फोन हातात दिला तर मी लगेच देते काढून.

नववीत मला सेक्टर दहामधल्या शाळेत जागा मिळाली. गणितात चांगले गुण होते म्हणून. तिथे बहुतेक अधिकाऱ्यांची मुलं होती. घरून निघताना मी मराठी बोलणारी मुलगी असायचे आणि शाळेच्या फाटकात शिरताना मुकी होऊन जायचे, कारण त्यांची हिंदी वेगळी आणि इंग्रजी तर फारच वेगळी होती. पहिले दोन महिने मी डबा एकटीने खाल्ला. मग नीरजा नावाची मुलगी माझ्या बाकावर आली. तिला गणित जमत नव्हतं, मला माणसं जमत नव्हती. तिचे वडील प्लांटमध्ये मोठे इंजिनियर होते, बंगल्यात राहायचे, पुढे हिरवळ होती, आणि ती मला दोनदा घरी घेऊन गेली होती. मी तिला एकदाही आमच्याकडे बोलावलं नाही. ती विचारायची, "तुम्हारे पापा कौन से डिपार्टमेंट में हैं?" मी म्हणायचे, "मिल में." पुढे काही सांगायचे नाही. तिने रस्त्यात कधी बाबांना पाहू नये म्हणून मी त्यांना पालकांच्या सभेची चिठ्ठीसुद्धा दाखवली नव्हती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत बाबा आम्हाला बस्तरला घेऊन गेले. छत्तीसगढ राज्य व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती. जगदलपूरची बस पहाटे निघायची. धमतरी, कांकेर, मग केशकालचा घाट. घाटात ताईला उलट्या झाल्या आणि बाबांनी तिच्या हातात लिंबू दिलं, "चोखू नको, वास घे," म्हणाले, कारण घरातला आंबटाचा नियम बसमध्येही लागू होता. धर्मशाळेत उतरलो. आईने डब्यातून तिखट पुऱ्या आणि लसणाची चटणी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने चित्रकोटला गेलो. आधी धबधबा दिसत नाही, ऐकू येतो. बस थांबली तेव्हा जमीनच गुरगुरते आहे असं वाटलं. पाऊस सरून थोडेच दिवस झाले होते, पाणी अजून लाल होतं, आणि ती एवढी रुंद नदी चालता चालता एकदम खाली जात होती. काठावरच्या खडकांवर बायका सीताफळाच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. तुषारांनी आमचे चेहरे ओले झाले. बाबा फार खूश होते. "पाह्य, कुंदे, पाह्य," ते माझ्या कानाजवळ ओरडून म्हणाले. रोलचे दहा फोटो त्यांनी तासाभरात संपवले. अकरावा काढायला त्यांनी आम्हाला एका सपाट खडकावर उभं केलं. आई मध्ये, तिचा हात माझ्या खांद्यावर, ताई पलीकडे. बाबा वीसेक पावलं मागे गेले आणि डोळ्याला कॅमेरा लावला.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझी वेणी ओढली. नीरजा होती. तिच्यामागे तिचे आईवडील, दोघांच्या पायांत बूट, आणि वर रस्त्यावर त्यांची पांढरी गाडी. तिचे वडील हसरे गृहस्थ होते. त्यांनी आईला नमस्कार केला, आमच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "अरे बेटा, सबकी फोटो आएगी और पापा की नहीं? बुलाओ उनको, मैं खींच देता हूँ."

चांगल्या मनाने म्हणाले होते. असं कुणी म्हणेल, हे आमच्या एवढ्या प्रवासांत कधी घडलं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. कॅमेऱ्यामागून त्यांनी तोंड बाहेर काढलं होतं. उन्हात आणि ओलाव्यात त्यांच्या ओठांचे, पापणीचे, बोटांचे डाग लख्ख पांढरे दिसत होते. नीरजाही तिकडेच बघत होती.

"पापा नहीं आए," मी म्हणाले. "वो तो फोटोग्राफर है."

पाण्याच्या आवाजात साहेबांना ऐकू गेलं नाही. ते कानाला हात लावून पुढे वाकले. "क्या?"

मला तिथे थांबता आलं असतं. हसून "कुछ नहीं" म्हणता आलं असतं. ती एक संधी मला मिळाली होती. मी छाती भरून ओरडले, "फोटोग्राफर है! पापा नहीं हैं!"

हे वीस पावलांवर नक्की ऐकू गेलं. माझ्या खांद्यावरचा आईचा हात खाली गेला. ताई हळूच "कुंदे!" म्हणाली. आई काही बोलणार होती, तिने श्वास घेतलेला मला जाणवला, पण त्याआधी बाबाच पुढे आले, कॅमेरा छातीशी धरून, मान किंचित वाकवून, मिलमध्ये साहेब लोकांसमोर उभे राहत असतील तसे.

"हाँ साहब, इनके साथ भिलाई से आया हूँ. आपकी भी एक निकाल दूँ? घर पहुँचा दूँगा."

"वाह! फोटोग्राफर साथ लेकर घूमते हैं आप लोग," साहेब आईला म्हणाले. आईने पदर तोंडाशी नेला. ते तिघे आमच्याच खडकावर उभे राहिले. नीरजाचा रुमाल गळ्याशी उडत होता, तो सारखा करायला बाबा दोन पावलं पुढे गेले, आमचे केस, आमच्या ओढण्या ते नेहमी सारख्या करायचे, त्याच सवयीने. नीरजाच्या आईने तिला झटकन आपल्याकडे ओढलं. "भैया, आप दूर से ही खींचिए."

"जी," बाबा म्हणाले आणि मागे गेले. रोलमधला बारावा फोटो त्यांनी त्या लोकांचा काढला. खिशातून पेन्सिल काढून बंगल्याचा पत्ता लिहून घेतला. ते लोक गेल्यावर ते आमच्याकडे आले आणि आईला म्हणाले, "रोल संपला. सीताफळं घेऊ का थोडे?"

परतीच्या प्रवासात बाबा नेहमीसारखेच होते. कांकेरला उतरून त्यांनी भजी आणली, कागदाचा पुडा आधी माझ्यापुढे धरला. मी एक घेतलं आणि ते ताईच्या हातात दिलं. आई माझ्याशी घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी व्हरांड्यात होते आणि आत ते दोघं बोलत होते.

"एक थापड हाणा तिच्या तोंडात," आई म्हणत होती. "तुमी नाई त मी हाणतो."

"कावून हाणू? खोटं काय बोलली थे? फोटो मीच काढून राहिलो होतो नं."

"हासू नका. मले आंगाले आग लागून राहिली."

"मी हासून नाई राहिलो," बाबा म्हणाले. थापड बसली असती तर मला बरं वाटलं असतं. मी वाट बघत होते. ती आली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही, आणि मग घरातले सगळे आपापल्या कामाला लागले, आणि मी त्यांच्यामध्येच जेवत, झोपत, अभ्यास करत असूनही कुठेतरी लांब उभी होते.

रोल धुऊन आला. अकराव्या फोटोत आई कॅमेऱ्याकडे बघतच नाही. बाराव्या फोटोची बाबांनी मोठी प्रत काढून घेतली, आमच्या एकाही फोटोची त्यांनी कधी एवढी मोठी काढली नव्हती. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तयार झाले. खांद्याला कॅमेरा अडकवला.

"तुमी सोता कावून जाऊन राहिले? पोस्टात टाका," आई म्हणाली.

"सायबाले जबान देली हाय. नाई गेलो त थे लोक हिले इचारतीन. मंग हे काय सांगीन?"

मी तिथेच पाटावर बसून प्रमेयं लिहीत होते. बाबांनी वाकून पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा लावल्या. मला एवढंच म्हणायचं होतं की जाऊ नका. मी पुढचं प्रमेय लिहायला घेतलं. ते सेक्टर दहाकडे निघाले. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून माझे बाबा सायकल मारत ते खोटं त्या बंगल्यापर्यंत पोहोचवायला चालले होते, हे मला त्या वेळीही नीट समजत होतं. लहान होते, कळत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नीरजा डबा उघडता उघडता म्हणाली, "कल तुम्हारा फोटोग्राफर आया था. फोटो बहुत अच्छी आई है. मम्मी ने लिफाफा गेट की दीवार पर रखवा लिया, हाथ में नहीं लिया. वो डरती हैं ना, दाग से." तिने पोळीचा तुकडा मोडला. "पर आदमी अच्छा है. जा ही नहीं रहा था. पापा से बोला, कुंदा बिटिया गणित में बहुत तेज है साहब, सौ में अट्ठानबे लाई थी, आपकी बेटी को कुछ पूछना हो तो जरूर पूछे." ती थांबली. "उसको तुम्हारे नंबर कैसे मालूम?"

फाटकाबाहेर उभं राहून, आत न बोलावलेले, सायकल धरून बाबा माझे मार्क सांगत होते, हे मला दिसायला लागलं. त्यांना एवढं सगळं निभावता आलं होतं, पण हे मात्र आवरता आलं नव्हतं.

"वो मेरे बाबा हैं," मी म्हणाले.

"कौन?"

"फोटो काढणारे... जो फोटो लेकर आए थे. मेरे पापा हैं वो. मैंने झूठ बोला था."

नीरजाने डबा बंद केला. मला वाटलं, आता ती डागांबद्दल काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "अपने पापा को कोई ऐसा बोलता है क्या?" एवढंच. दुसऱ्या आठवड्यात ती पुढच्या बाकावर बसायला गेली. तिच्या आईने तिला उठवलं की माझ्या खोटेपणामुळे ती उठली, हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलं नाही. शाळेची उरलेली वर्षं मी त्या बाकावर बहुतेक एकटी काढली, आणि गणितात पैकीच्या पैकी मिळायला लागले, कारण दुसरं करण्यासारखं तिथे काही नव्हतं.

नीरजाला सांगितलं त्या दिवशी घरी आले तेव्हा बाबा सकाळची पाळी करून मागच्या पायरीवर बसले होते. शर्ट काढलेला. उतरत्या उन्हात हात पसरून दंडाला बावचीचं तेल चोळत होते. डाग आता खांद्यापर्यंत गेले होते.

"बाबा, मी नीरजाले सांगून देलं."

"काय?"

"तुमी माये बाबा हाव म्हणून."

त्यांचा हात थांबला. "कावून सांगितलं? मी त बराबर निभावून नेलं होतं."

मला रडू फुटलं. आवाज करून, हुंदके देऊन. त्यांनी मला जवळ घेण्यासाठी हात पुढे केला आणि तेलाचा आहे हे पाहून मागे घेतला. "रडू नको, बाई," ते म्हणाले. "मायं ऐक. मे महिन्यात मी फुल बाह्याचा शर्ट कावून घालतो? मिलमंदी माणसं बेहोश होऊन पडतेत उनीनं. मले गरम नाई होत का?" त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. "आन कॅमेरा. मले काय फोटोचा शौक होता? ज्याच्या हातात कॅमेरा रायते, त्याले कोनी म्हणत नाई, तू बी ये म्हणून. तुया ताईचं लग्न करा लागते, मंग तुयं. अल्बम गावाले जाते, पाहुणे पाह्यतेत. त्यात पोरींच्या बाजूले हा असा बाप दिसला त? मी आपला बाहेर राह्यतो." मग ते जे बोलले ते मी शब्दाशब्दाने लिहू शकते. "पापा नाई आले, असं तू त्या दिवशी एकच डाव म्हटलं, कुंदे. मी त दर फोटोले थेच म्हणून राहिलो इतके वर्सं."

आई दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला हे ठाऊक नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून समजलं. तीही समजत होती की यांना फोटो काढायची हौस आहे.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मला शेवटी जिथे थांबायचं आहे तिथे थांबता येईल. ताईच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा आईने तिच्या फोटोसोबत बाबांचा फोटोही पाठवायचा असा नियमच केला. "मागून पाह्यतीन आन तोंड वाकडं करतीन, त्यापेक्षा आंधीच पाह्यू द्या," म्हणाली. दोन ठिकाणांहून नकार आला, एकाने कारण स्पष्ट लिहिलं, दुसऱ्याने लिहिलं नाही. तिसरं घर तुमसरचं. त्या घरचे वडील येऊन आमच्या व्हरांड्यात बाबांच्या मांडीला मांडी लावून जेवले. ताई तिथे सुखात नांदली, आता नातवंडांत आहे. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं दुसरी आहेत. बाबा निवृत्त झाल्यावरही पुष्कळ जगले. शेवटी शेवटी डाग एकमेकांत मिसळून ते पूर्ण गोरे झाले होते, आणि नवीन शेजाऱ्यांना हा माणूस मुळात सावळा होता हे सांगूनही खरं वाटत नसे. चित्रकोटबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. मी त्यांची माफी मागितली नाही. रडले, पण ते शब्द म्हटले नाहीत, आणि एवढी वर्षं एका घरात राहून ते म्हणायला रोज वेळ होता. संध्याकाळी घरात कुणी नसतं, टीव्ही मी लावत नाही, तेव्हा कधी ते शब्द मोठ्याने म्हणून बघते. नुसत्या खोलीत ते फार लहान वाटतात.

तर तो रविवार. पायरीवरच्या बोलण्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, थंडीत, आम्ही तांदुळा धरणावर गेलो होतो. दिवसभराचीच सहल. पाणी शांत होतं, वारा गार. बाबांनी नेहमीसारखे आमचे फोटो काढले. एक उरला तेव्हा मी जवळ जाऊन म्हणाले, "बाबा, कॅमेरा मले द्या. तुमी तिकडे उभे राहा."

"तुले नाई जमत. हात हालला का फोटो खराब होते."

"होऊ द्या खराब," मागून आई म्हणाली. ती आली, बाबांच्या गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा तिने स्वतः काढला आणि माझ्या गळ्यात घातला. मग त्यांच्या दंडाला धरून त्यांना बांधाच्या कडेला घेऊन गेली. तिथे गेल्यावर बाबांनी आधी चपला काढल्या आणि बाजूला सारख्या करून ठेवल्या.

"देवळात आले का तुमी?" आई हसायला लागली. ताईही हसली. बाबांना ते कळलंच नाही. त्यांना उभं कसं राहायचं ते माहीत नव्हतं. हात आधी मागे नेले, मग पुढे बांधले, मग एक हात आईच्या पाठीमागे लपवला. ताईने तो ओढून काढला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. मी डोळ्याला कॅमेरा लावला. त्या छोट्या चौकोनात आई होती, ताई होती, आणि कडेला बाबांचा अर्धाच चेहरा येत होता.

"आत या, बाबा."

ते जरासे सरकले. इतकी वर्षं ज्यांनी आम्हाला नेमकं कुठे उभं राहायचं ते सांगितलं होतं, ते माझ्याकडे बघत होते आणि मी सांगेन तिथे उभे राहायला तयार होते.

"आता दिसून राहिलो का मी?"

"दिसून राहिले."

"पुरा?"

"पुरे, बाबा," मी म्हणाले आणि बटण दाबलं.